हजेरीपटावर तपासलेली नावांची पुस्तिका

पुण्यात अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून पंचांगे आणि पाककृतींच्या पुस्तकांशेजारी बाळांच्या नावांच्या ज्या पुस्तिका मांडलेल्या असतात, त्यांपैकी एक मी गेल्या महिन्यात १५० रुपयांना विकत घेतली. मुखपृष्ठावर "११,००० अनोखी आणि दुर्मिळ नावे, अर्थांसह" असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण अशा चार पुस्तिका दुकानात उभ्याउभ्या चाळल्या तेव्हा चारींचा मजकूर एकमेकींवरून उतरवून घेतल्यासारखा वाटला. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने चारींनाही लागू पडावे. खरेदीचे कारण घरगुती होते. सुनेला मुलगी झाली, बारसे बाराव्या दिवशी करण्याचे ठरले, आणि सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात ३१ वर्षे लिपिक म्हणून काढलेली असल्यामुळे "नावे तुम्हालाच जास्त माहीत" असे म्हणून घरच्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातले.

लिपिकाला नावाची जी बाजू दिसते ती आईवडिलांना सहसा दिसत नाही. नाव प्रथम जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या कायमच्या नोंदवहीत चढते, तेथून हजेरीपटावर, तेथून दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर आणि शेवटी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, आणि या प्रवासात एखादी वेलांटी बदलली तरी तो मुलगा पुढे पंधरा-वीस वर्षे त्या वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्रे करत फिरतो. म्हणून एखादे नाव मला चांगले वाटते ते त्याच्या गोडव्यामुळे नव्हे. ते ऐकून चुकल्याशिवाय लिहिता यावे, साठ मुलांच्या वर्गात हाक मारली तर एकानेच मान वर करावी, आणि "हे नाव का ठेवले?" असे विचारले असता घरातल्या कोणाला तरी उत्तर देता यावे, एवढीच माझी अपेक्षा असते. पुस्तिका मी याच अपेक्षेने वाचली.

आधी तिच्या जमेच्या बाजू सांगतो. अक्षर मोठे आहे, बांधणी दोऱ्याची आहे, मुलींची नावे मुलांच्या नावांआधी दिलेली आहेत, आणि शेवटी "आपल्या आवडीची नावे" या मथळ्याखाली चार कोरी पाने सोडलेली आहेत, जी मला सर्वांत उपयोगाची वाटली. ओवी, मल्हार, रेवा, शरयू, गार्गी अशी नावे योग्य अर्थांसह आहेत. संतांच्या नावांचे एक छोटे प्रकरण आहे. त्यात मुक्ता, जनी आणि सोयरा भेटल्या तेव्हा बरे वाटले, मात्र चोखोबांच्या घरातली सोयरा घेतली तर त्याच घरातली निर्मळा आणि कर्ममेळा का गाळली, हे कळले नाही. नामदेवांच्या चार मुलांची नावे नारा, विठा, गोंदा आणि महादा अशी होती. चारही नावे दोन-तीन अक्षरांत संपतात आणि लांबून हाक मारली तरी स्पष्ट ऐकू येतात. हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा सोयीची नावे मिळणार नाहीत, पण पुस्तिकेत चारांपैकी एकही नाही.

खरी अडचण अर्थांची आहे. ग्राहक या पुस्तिकेसाठी पैसे मोजतो ते अर्थांसाठीच, कारण नुसती नावे तर मोबाईलवरही फुकट मिळतात. आरव या नावापुढे "शांत, सौम्य" असा अर्थ छापला आहे. आपट्यांचा संस्कृत कोश उघडून पाहावा: आरव म्हणजे आवाज, ओरडा, आक्रोश. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हे नाव शोभून दिसते यात वाद नाही, पण ते पुस्तिका सांगते त्याच्या नेमक्या उलट कारणाने. मायरा या नावाला "संस्कृत, लाडकी" असे म्हटले आहे; हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकातील फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवले असे मानले जाते, आणि संस्कृतशी त्याचा काही संबंध नाही. कियारा म्हणजे "देवाची देणगी" असे दिले आहे. त्याच्या मागे इटालियन नाव आहे, त्याचा उगम लॅटिन 'क्लारा' म्हणजे उजळ, स्वच्छ या शब्दात आहे, आणि असिसीच्या संत क्लारेला तिच्या देशात याच नावाने ओळखतात. एवढा चांगला खरा अर्थ हाताशी असताना खोटा छापण्याची गरज का पडावी? ज्या नावाचा अर्थ संपादकाला सापडला नाही, त्याच्यापुढे "देवाची देणगी" किंवा "प्रकाशाचा किरण" यांपैकी एक लिहून टाकलेले दिसते. पहिल्या वीस पानांत अशा नोंदींवर मी पेन्सिलने खुणा केल्या आणि नंतर पेन्सिल खाली ठेवली.

'अंश' हा शेवट लावून केलेल्या नावांचेही असेच आहे. शिवांश आणि वेदांश यांचा विग्रह शाळेतला मुलगाही करील. पण रेयांश आणि अयांश यांत अंश नेमका कशाचा, हे पुस्तिका सांगत नाही आणि दोन्हींपुढे तोच प्रकाशाचा किरण ठेवून मोकळी होते. "मिशा: हसरी, आनंदी मुलगी" ही नोंद वाचल्यावर मात्र मी पुस्तिका मिटून थोडा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. रशियन किंवा आणखी कोणत्या भाषेत हे नाव गोड असेल. परंतु मराठी शाळेत सातवीच्या वर्गात एखाद्या मुलीचे नाव मिशा असे पुकारले गेले तर त्या मुलीचे पुढचे वर्ष कसे जाईल, याचा विचार मराठीतून पुस्तिका काढणाऱ्याने करायला हवा होता.

आता 'अनोखी आणि दुर्मिळ' या दाव्याकडे वळतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पाचवीच्या एकाच तुकडीत तीन आरव आले आणि वर्गशिक्षिकेने त्यांना आरव एक, दोन आणि तीन असे म्हणायला सुरुवात केली. पुस्तिकेतील निम्मी नावे याच जातीची आहेत: दोन किंवा तीन अक्षरांची, शेवटी 'आ' किंवा 'न', मध्ये एखादा 'य', आणि कानाला सारखीच गुळगुळीत. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच यादीतून, वेगळे दिसण्यासाठी घेतलेले नाव दुर्मिळ कसे राहणार? चिरंजिवांनी मोबाईलवर जे अ‍ॅप उतरवून घेतले होते त्यातही हीच यादी होती, फक्त दर पाचव्या नावानंतर डायपरची जाहिरात येत होती.

मला ज्या नावांनी खरोखर आश्चर्याचा धक्का दिला, ती नावे जनरल रजिस्टरमध्ये होती. जुन्या रजिस्टरांत, म्हणजे मी रुजू होण्याच्याही आधीच्या पानांवर, दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, फकिरा अशी नावे रांगेने सापडतात. नव्या शिक्षकांना ती वाचून हसू येई. ज्या घरात आधीची दोन-तीन मुले दगावली असतील, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देत, म्हणजे वाईट नजर आणि मृत्यू दोघेही त्याच्याकडे दुर्लक्ष करतील अशी समजूत होती. काही ठिकाणी मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलत, काही ठिकाणी ते शेजारणीला सूपभर धान्याच्या बदल्यात 'विकून' परत घेत, आणि मुलाचे नाक टोचून नथू नाव ठेवण्याची चालही होती. म्हणजे कचरू हे नाव ज्याचे आहे तो त्या घरातला सर्वांत लाडका मुलगा असण्याचीच शक्यता अधिक. पुस्तिकेत ज्या कसोटीने नावे निवडली आहेत, त्या कसोटीला दगडू उतरणार नाही हे मी समजू शकतो. पण ज्या शहरात ही पुस्तिका छापली गेली त्याच शहरातला सर्वांत प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावाने ओळखला जातो, आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या व १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते, याची तरी आठवण संपादकाला असावी.

धोंडू हे नाव अधिक मासाशीही जोडलेले आहे. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्यात जन्मलेल्या मुलाला हे नाव देण्याची चाल होती. जन्माचा दिवस नावात जपून ठेवण्याची रीत तर त्याहून जुनी आणि पसरलेली आहे. पालघर आणि ठाणे भागातील वारली व कातकरी घरांतून सोमा, मंगळ्या, बुधी, शुक्री अशी वारांवरून आलेली नावे आढळतात. वारली चित्रकलेला जगभर नेणारे आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांच्या वडिलांचे नाव सोमा हेच. नवसाची नावे आणखी वेगळी. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली हकिकत आपण शाळेत शिकवतो, पण नावांच्या पुस्तिकेत शहाजी हे नाव "राजांचा राजा" एवढ्यावरच उरकलेले आहे.

पक्ष्याप्राण्यांची नावे हा आणखी एक भाग. पोपट हे पुरुषाचे नाव आमच्या भागात अगदी सर्रास होते आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या नावाला पुन्हा थोडे तेज आले. तरीही गेल्या वीस वर्षांत आमच्या शाळेत एकही नवा पोपट दाखल झाला नाही. 'पोपट झाला' हा वाक्प्रचार पोरांच्या तोंडी बसला आणि एका चांगल्या नावाचा त्याने जीव घेतला. विदर्भाच्या आंदोलनामुळे सगळ्या महाराष्ट्राला परिचित झालेले जांबुवंतराव धोटे यांचे नाव रामायणातील अस्वलांच्या राजावरून आले. हल्लीच्या पुस्तिकेत सिंहाला मान आहे, अस्वलाला नाही. भारती विद्यापीठाचे संस्थापक पतंगराव कदम यांच्या नावाची तर मोठी गंमत आहे. मराठी माणसाला आकाशात उडवायचा पतंग आठवतो, पण संस्कृतात पतंग म्हणजे पक्षी आणि सूर्यही, आणि असा अर्थ ज्याला मिळतो ते नाव ११,००० नावांत असू नये याला योगायोग म्हणता येणार नाही. संपादकाने शोधलेच नाही. आमच्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा हे नावही येथे नाही.

पदव्यांवरून ठेवलेली नावे वर्गात विशेष गोंधळ घालत. दहा वर्षांच्या मुलाचे नाव रजिस्टरमध्ये रावसाहेब, त्याच्या शेजारच्याचे भाऊसाहेब, आणि गणिताचे मास्तर चिडले की "रावसाहेब, अंगठे धरा" असे म्हणत, तेव्हा सारा वर्ग खाली मान घालून हसे आणि रावसाहेबही हसत हसत वाकत. अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे पाठवणाऱ्या गावांचा आमचा जिल्हा. एका विद्यार्थ्याचे नाव मेजर होते, कारण त्याचे वडील शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. हा मुलगा पुढे भरतीला गेला आणि त्याचा दाखला पडताळणीसाठी आमच्याकडे आला तेव्हा नावाच्या रकान्यात हुद्दा लिहिला आहे, तो काढून नाव लिहावे, असा शेरा त्यावर मारलेला होता. मी जनरल रजिस्टरचा उतारा जोडून, हे नावच आहे, असे पत्र लिहिले. त्या पत्राची स्थळप्रत मी बरीच वर्षे टेबलाच्या खणात ठेवली होती.

सगळीच अनोखी नावे हसण्यासारखी नसतात, हेही येथे लिहिले पाहिजे. नकुसा हे नाव मी माझ्या हाताने रजिस्टरमध्ये अनेकदा लिहिले आहे. मुलगी नको होती, आता तरी मुलगा व्हावा, म्हणून ठेवलेले हे नाव; काही घरांत नकुशी, काही घरांत नकोशी. कचरूसारखेच तेही वरवर टाकून दिल्याचे नाव, पण कचरू मुलाला जगवण्यासाठी ठेवत आणि नकुसा तिच्या तोंडावर, ती नको होती, हे रोज सांगण्यासाठी. दोन्ही नावे एकाच यादीत कधी टाकू नयेत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात मोहीम काढून अशा २८५ मुलींची नावे बदलण्यात आली आणि तिची बातमी परदेशी वर्तमानपत्रांतही आली. त्या काळात आमच्या कार्यालयातही अशा दुरुस्त्या आल्या. जुन्या नावावर लाल शाईची रेघ, वर नवे नाव, बाजूला आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही, असे ते काम असते. आठवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, जुनं नाव खाली दिसतंय, ते पूर्ण खोडता येत नाही का?" नियमाप्रमाणे रजिस्टरमधील मूळ नोंद वाचता आली पाहिजे, आणि मी तिला तसे सांगितले. पुढे अनाथांची माई म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी घरात चिंधी म्हणत. पुस्तिकेत चिंधी आणि नकुसा ही नावे नाहीत, याबद्दल तक्रार नाही. मात्र प्रस्तावनेत "प्रत्येक नाव हा आईवडिलांचा आशीर्वाद असतो" असे जे वाक्य आहे, ते लिहिणाऱ्याने एखाद्या शाळेचे जुने रजिस्टर एकदा पाहायला हवे होते.

नक्षत्रांचा तक्ता पुस्तिकेच्या मधोमध आहे, आणि अवकहडा चक्राप्रमाणे, म्हणजे कोणत्या नक्षत्राच्या कोणत्या चरणाला नावाचे कोणते आद्याक्षर हे सांगणाऱ्या कोष्टकाप्रमाणे, तो अचूक छापलेला आहे. अश्विनीला चू, चे, चो, ला इथपासून रेवतीला दे, दो, चा, ची इथपर्यंत मी पंचांगाशी पडताळून पाहिला. पण तक्ता छापला की जबाबदारी संपली, अशी संपादकाची समजूत दिसते. आमच्या नातीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावरचा. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ. म्हणजे तिचे अक्षर ण. मराठीत ण पासून सुरू होणारे नाव कोठून आणावे? आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर ङ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्यावर ञ आहे, तेव्हा त्या बाळांचीही हीच गत. या तीन अक्षरांनी नाव सुरू होत नसल्यामुळे ङ, ञ, ण यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड धरावेत असा जुना संकेत आहे, तो आमच्या भटजींनी लगेच सांगितला, पुस्तिकेत मात्र त्याचा उल्लेख नाही. 'ण' या मथळ्याखाली पान कोरे आहे. 'ड' खाली मुलींसाठी डिंपल आणि डॉली ही दोन नावे आहेत. दोन्हींपुढे अर्थ दिलेला नाही, आणि ही या पुस्तिकेतील सर्वांत प्रामाणिक जागा असावी.

व्यवहाराच्या माहितीचा अभाव ही दुसरी मोठी उणीव आहे, आणि लिपिक म्हणून मला ती जास्त खटकली. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण त्या नोंदीत बाळाचे नाव तेव्हाच भरावे लागते असे नाही. पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. एवढे एक वाक्य पहिल्या पानावर असते तर बाराव्या दिवसाच्या धास्तीने घाईघाईत घेतलेली कितीतरी नावे टळली असती. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा आधार मानण्याची तरतूद झाली आहे, त्यामुळे त्या कागदावरचे अक्षर न् अक्षर आता आधीपेक्षा महत्त्वाचे ठरते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवून दिला आहे. मग चारही शब्द एका ओळीत कसे वाजतात, दोन नावे एकाच अक्षराने संपून हाक मारताना एकमेकांत मिसळतात का, हे पाहण्याची गरज निर्माण झाली आहे. पुस्तिका मात्र अजूनही एकेक नाव सुटे सुटे मांडते. इंग्रजी लेखनाविषयी तर तिने हद्द केली आहे. एकाच नावाची तीन तीन इंग्रजी रूपे देऊन "अंकशास्त्रानुसार निवडावे" असा सल्ला दिला आहे. जन्म प्रमाणपत्रावर एक 'ए', आधारवर दोन आणि शाळेत तीन, असे झाले की मुलाच्या नावाची माहिती ऑनलाइन भरताना जुळत नाही, आणि मग पालक लिपिकाच्या टेबलासमोर उभे राहतात. मुलगा शाळेत शिकत आहे तोवर दुरुस्तीची वाट मोकळी असते. शाळा सोडून गेल्यावर ती फार अरुंद होते, आणि मग राजपत्रात नावबदल छापून आणण्यापर्यंत जावे लागते.

आमच्या घरी निर्णय कसा झाला ते सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही, कारण त्यात पुस्तिकेचाही थोडा वाटा आहे. "नद्यांवरून नावे" या पानावर गंगा, यमुना, गोदावरी, इंद्रायणी, कृष्णा, सावित्री, गायत्री अशी नावे होती. ते पान वाचताना सौ.ने सहज विचारले की महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात नद्या पाच मानतात ना? कृष्णा, सावित्री आणि गायत्री तर घराघरांत आहेत. राहिलेल्या दोघी कोठे गेल्या? राहिलेल्या दोघी म्हणजे कोयना आणि वेण्णा. कोयना नावाची एक मुलगी आमच्या शाळेत होती, तिचे वडील धरणावर कामाला होते. वेण्णा नावाची मुलगी मात्र ३१ वर्षांत मी एकदाही रजिस्टरमध्ये चढवली नाही, आणि आम्ही राहतो ते घर वेण्णा जेथे कृष्णेला मिळते त्या संगम माहुलीपासून फार दूर नाही.

सुनेला नाव आवडले. चिरंजिवांना ते अ‍ॅपमध्ये नाही म्हणून आवडले. बारशाला "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झाल्यावर आत्याने बाळाच्या कानात तेच नाव सांगितले. नावरस नाव, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षराचे नाव, वेगळे ठेवायचे का, असे मी भटजींना विचारले, तेव्हा त्यांनी पाटावरच्या कागदावर वेण्णा असे लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "तुमचा ण आरंभी नाही आला, पण आत दोनदा आलाय. मला चालतंय." इंग्रजीत कसे लिहायचे यावर घरात अर्धा तास वाद झाला आणि शेवटी दोन 'एन' आणि एक 'ए' यावर एकमत झाले. ते रूप मी पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईच्या पेनाने लिहून, खाली तारीख घालून, सगळ्यांना दाखवून ठेवले आणि त्या पानाचा फोटो चिरंजिवांच्या मोबाईलमध्ये काढून घ्यायला लावला.

नाव नोंदवायला वर्षभराची मुदत असली तरी आम्ही चौदाव्या दिवशीच अर्ज दिला. पुस्तिका सध्या शेजाऱ्यांकडे आहे. त्यांच्या घरी जुळे झाले आहे. देताना मी आरवच्या पुढचा अर्थ खोडून बरोबर अर्थ लिहून दिला आणि मिशाच्या पानाला घडी घातली.